बे दाहे एकोणीस

ईरा, तुझ्या पुस्तकातल्या हेराच्या
पेनात कॅमेरा, टाचेत चाकू,
आणि दर तिसऱ्या पानावर तो गच्चीवरून उडी मारतो.
मी एकदाच हेर झाले.
वय वर्षं दहा.
माझ्याकडे एक चाळीसपानी वही
आणि अंगठ्याशी तुटलेली चप्पल.

नव्वद सालचा ऑगस्ट. कुवेत, सालमिया.
एका रात्रीत रणगाडे आले
आणि थोड्याच दिवसांत रस्ते आपली नावं विसरले.
पोरांनी शिड्या लावून पाट्या उतरवल्या,
घरांचे आकडे खरवडले,
शोधायला येणाऱ्याला
सगळी दारं सारखीच दिसावीत म्हणून.
स्क्रूड्रायव्हर धरायला मीही होते.
(हे आईला अजून ठाऊक नाही.)

भिंतींवरून गेलेले आकडे
खालच्या मजल्यावरच्या उम्म जासिमला पाठ होते :
कुठल्या घरात कोण लपलंय,
कुणाचं इन्सुलिन संपत आलंय.
इन्सुलिन होतं मुकादमकाकांच्या दुकानात,
दोन गल्ल्या पलीकडे.
मधे चौकी.
मोठ्यांचे खिसे उलटे करत तिथे.
कागद सापडला तर—
बाबांनी वाक्य पुरं केलंच नाही,
पेन्सिलीला टोक काढत बसले,
टोक तुटलं, पुन्हा काढलं.
मग म्हणाले, "पाढे लिही. चार ठिकाणी चुकायचं."

आयुष्यात पहिल्यांदा
बाबांनी मला चुकायला सांगितलं.

सहा सत्ते चव्वेचाळीस.
सात आठे चोपन्न.
नऊ चोक पस्तीस.
बे दाहे एकोणीस.
बाकी सगळं बरोबर, सुवाच्य, समासासकट.

चौकीवर वाळूची पोती, एक खुर्ची,
कुणाच्या तरी दिवाणखान्यातून आणलेली, मखमली.
तीवर बसलेला शिपाई
बाबांच्याच वयाचा असावा. बूट मापाचे नव्हते.
"शिस्मिच?"
मी नाव सांगितलं. सुनेत्रा.
त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही.
वही उघडली.
घशात माझ्या खुब्जचा कोरडा तुकडा असावा तसं.

आणि तो हसला, ईरा.
छातीवर बोट ठेवून म्हणाला, "मुअल्लिम. नासिरिया."
मास्तर! युद्धात धरून आणलेला मास्तर!
खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला,
कानामागे घासला,
आणि लागला तपासायला.
चव्वेचाळीसभोवती गोल. शेजारी ४२, त्याच्या आकड्यांत.
चोपन्नभोवती गोल.
पस्तीसभोवती गोल, आणि माझ्याकडे
असं पाहिलं, की मला खरंच लाज वाटली.

शेवटी बे चा पाढा.
बोट खाली खाली सरकत आलं,
बे आठे, बे नव्वे,
आणि एकोणीसवर थांबलं.
मागे जीपमधून कुणी अधिकारी ओरडला.
बोट हललं नाही.
मग त्याने एकोणीसपुढे
बरोबरची खूण केली. मोठी. ठसठशीत.
वही मिटून माझ्या हातात दिली
आणि हाताने झुरळ झटकावं तसं म्हणाला : पळ.

मुकादमकाकांना शोधावंच लागलं नाही काही.
तीन गोल, एक खूण.
"कोणी तपासलं गो हे?" त्यांनी विचारलं,
मी सांगितलं, तसे ते स्टुलावर बसले.
मग पान फाडून स्टोव्हवर धरलं,
आणि बर्फाच्या थर्मासात चार घरं भरली.

पुढे सगळं तुझ्या पुस्तकांसारखं नाही झालं.
आम्ही वाळवंटातून, बसमधून, तंबूतून घरी आलो.
मी नंतर वर्गात वीसला वीस लिहीत राहिले.

पण सातात आठ गुणायला चुकलेली मुलगी पकडणारा
बे दाहे चुकवतो होय?
की ऊन होतं, अधिकारी ओरडत होता,
डोळा लागला असेल एक क्षण?

तू विचारतेस, त्याचं नाव काय होतं.
त्याने माझं विचारलं होतं.
मी त्याचं विचारलं नाही.